दाणे टाकणारे आणि पाहणारे

जुलै २०२५ मध्ये मुंबईतले ५१ कबुतरखाने बंद करायचे ठरले. दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला, चिडलेल्या जमावाने ती ताडपत्री फाडली, उच्च न्यायालयातले प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या दारापर्यंत जाऊन परत आले. नाशिकच्या सोसायट्यांमध्ये त्या वादाची धग अजून गेलेली नाही. गंगापूर रोड असो की इंदिरानगर, सर्वसाधारण सभेत पार्किंगचे आणि पाण्याच्या टाकीचे विषय संपले की कोणीतरी पक्ष्यांना दाणे टाकण्याचा विषय काढतो आणि बघता बघता दोन तट पडतात. एकाच्या मते पक्षी म्हणजे घाण, दमा आणि एसीच्या यंत्रावर साठलेली विष्ठा. दुसऱ्याच्या मते दाणे टाकू न देणे म्हणजे मुक्या जिवाच्या तोंडचा घास काढणे. आमच्या भागातल्या एका सोसायटीत तर असा ठराव आला आहे की गॅलरीत, गच्चीवर किंवा आवारात कोणत्याही पक्ष्यासाठी दाणे अथवा पाणी ठेवणाऱ्याला दंड करावा. दोन्ही बाजूंची भाषणे मी ऐकली. त्यांत पारवा (म्हणजेच कबुतर) आला, पुण्य आले, फुफ्फुसे आली. पण त्या आवारात पारव्याखेरीज आणखी कोणते पक्षी येतात, कधी येतात, काय खातात, हे कोणीच विचारले नाही.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. पारव्यांसाठी उघड्यावर धान्य ओतणे बंद झाले पाहिजे, आणि नुसत्या विनंतीने ते होत नसेल तर दंडही असावा. पण त्याच ठरावाच्या फटक्यात गॅलरीतले पाण्याचे मातीचे भांडे, टांगलेल्या बाटलीतली मूठभर बाजरी आणि त्या बाटलीसमोर कॅमेरा घेऊन बाराही महिने बसणारा माणूस हे तिन्ही गुन्हेगार ठरत असतील, तर तो ठराव फेटाळला पाहिजे. पक्ष्यांना खायला घालणे आणि पक्षी पाहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली दुसरीशिवाय झाली की तिचे नुकसान शेजाऱ्यालाही होते आणि पक्ष्यालाही. शहराला पाहणाऱ्या माणसांची गरज आहे. बंदीवाले आणि पुण्य लागावे म्हणून दाणे टाकणारे पुण्यवाले दोघेही त्यांना हिशेबात धरायला तयार नाहीत.

बंदीच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा आरोग्याचा आहे. तो मी जसाच्या तसा मान्य करतो. पारव्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ आणि पिसांची भुकटी वर्षानुवर्षे श्वासातून आत जात राहिली, तर काही माणसांच्या फुफ्फुसांना तिच्यातल्या प्रथिनांची तीव्र प्रतिक्रिया येते. डॉक्टर याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्युमोनायटिस म्हणतात. वेळीच लक्षात आले नाही तर फुफ्फुसाचा भाग कायमचा ताठर होतो, तो पुन्हा पूर्ववत होत नाही. क्रिप्टोकॉकस नावाची बुरशी या विष्ठेत वाढते आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाच्या मेंदूपर्यंत जाऊ शकते. ज्याच्या घरात असा रुग्ण आहे त्याला भूतदयेचे प्रवचन ऐकवणे निर्दयपणाचे आहे. चौथ्या मजल्यावरच्या माणसाने पुण्यासाठी ओतलेली मक्याची पिशवी तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांच्या श्वासात उतरत असेल, तर त्या पुण्याचा खर्च भरतो कोण?

आता दाण्यांचाच विचार करू, कारण सगळा घोळ इथे आहे. पारवा हा मूळचा कड्याकपारीचा पक्षी. आपल्या बारा मजली इमारतींचे डक्ट, खिडक्यांवरचे सज्जे आणि एसीच्या यंत्रामागची जागा त्याला कड्यासारखीच सोयीची. दुसरे असे की पारव्याचे नर-मादी दोघेही आपल्या गळ्यातल्या पिशवीत दुधासारखा घट्ट पदार्थ तयार करून पिलांना भरवतात. त्यांच्या पिलांना अळ्या-किडे लागत नाहीत. धान्य मिळाले की पारवा ते थेट पिलांमध्ये रूपांतरित करतो, वर्षातून अनेकदा. चिमणीचे तसे नाही. मोठी चिमणी दाणे खाते, पण अंड्यातून नुकतेच बाहेर आलेल्या पिलाला ती अळ्या, तुडतुडे, कोळी, नाकतोडे भरवते. आवारात कीटकच नसतील तर बाजरीचे पोते ठेवले तरी चिमणीचे पिल्लू जगत नाही. म्हणजे मोकळ्या जागेत ओतलेले धान्य सगळ्या पक्ष्यांना सारखे पोसत नाही. ते एकाला वाढवते आणि बाकीच्यांच्या वाट्याची जागा त्याला देते. ‘पक्ष्यांना दाणे टाकतो’ असे म्हणणारा माणूस प्रत्यक्षात पारव्यांची पैदास करत असतो, आणि त्याला ते ठाऊक नसते, कारण दाणे टाकल्यावर तो कधी थांबून बघत नाही.

पुण्यवाले इथे परंपरेचा दाखला देतात. देऊ द्या, आपण परंपराच तपासू. जुन्या वाड्यांच्या ओसरीत ज्वारी-बाजरीच्या कणसांचा घोस टांगलेला असे. सुगीनंतरचा घोस. त्याला लोंबकळून दाणा टिपणे चिमणीला जमते, पारव्याला जमत नाही. घोस संपला की पुढच्या सुगीपर्यंत संपला. पितृपक्षात आणि श्राद्धाला ठेवला जाणारा काकबळी म्हणजे एका पानावरचा घास, आणि तो ठेवून माणूस निघून जात नाही. रामकुंडावर पिंड ठेवून कावळ्याची वाट पाहणारी कुटुंबे आजही दिसतात; कावळा शिवेपर्यंत कोणी हलत नाही. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याचा. मला त्यात तीन गोष्टी दिसतात: घास मोजका आहे, वेळ ठरलेली आहे, आणि देणारा पाहत उभा आहे. चौकात पोते रिकामे करून गाडीला किक मारणे हे या परंपरेत कुठे बसते? घाऊक धान्य, विकत घेतलेले पुण्य आणि पाठ फिरवलेला दाता ही शहरी सोय आहे. तिला आजीच्या ओसरीचे नाव देऊ नये.

बंदीवाल्यांकडे याहून अवघड असा आणखी एक मुद्दा आहे, जो ते मांडत नाहीत. त्यांच्या वतीने मीच मांडतो. दाण्याचे भांडे पक्ष्यांमध्येही रोग पसरवते. इंग्लंडमध्ये बागेत पक्ष्यांना दाणे ठेवण्याची सवय घरोघरी आहे. २००५च्या सुमारास तिथल्या ग्रीनफिंच या हिरवट, जाड चोचीच्या पक्ष्यांत ट्रायकोमोनोसिस हा घशाचा रोग पसरला. आजारी पक्षी गिळता न आलेला दाणा बाहेर टाकतो, तोच निरोगी पक्षी उचलतो, आणि गर्दीच्या सपाट ताटावर ही देवाणघेवाण दिवसभर चालते. ग्रीनफिंचची संख्या निम्म्याहून खाली आली आणि २०२१ मध्ये त्याचे नाव तिथल्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत गेले. प्रेमाने ठेवलेल्या दाण्यांचा हा परिणाम. २०२५च्या सुरुवातीला तिथल्या पक्षी संरक्षणाच्या सर्वांत मोठ्या संस्थेने, आरएसपीबीने, सपाट ताटांची विक्री थांबवली. पण त्यातून एक गोष्ट नजरेआड होता कामा नये: हा रोग पसरला हे कळले कसे? आपापल्या बागेतल्या ताटावर कोण आले, कोण फुगून बसले, कोण मेलेले सापडले, याच्या नोंदी हजारो सामान्य लोक ठेवत होते म्हणून. भांडी होती आणि पाहणारे नव्हते, असे असते तर ग्रीनफिंच मुकाट्याने संपला असता.

शिस्तीने खाऊ घातले तर काय होते, हे पाहायला परदेशी जाण्याची गरज नाही. आपल्याच जिल्ह्यात हरसूलजवळ खोरीपाडा आहे. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधामुळे देशातली गिधाडे नव्वद टक्क्यांहून अधिक संपली. मेलेल्या जनावराच्या मांसातून ते औषध गिधाडाच्या पोटात जाई आणि त्याची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. खोरीपाड्याला वन विभाग आणि गावकऱ्यांनी मिळून गिधाडांसाठी खाण्याची जागा केली. मेलेले जनावर तिथे टाकायचे, पण ते कशाने मेले, त्याला कोणते औषध दिले होते, याची खात्री करून. गिधाडांना खाऊ घालू नका असे तिथे कोणी म्हणाले नाही, आणि दिसेल ते टाका असेही कोणी म्हणाले नाही. काय टाकायचे, कुठे टाकायचे, आणि नजर कोणी ठेवायची, हे ठरवले गेले. आदिवासी पाड्यावरची माणसे गिधाडासाठी एवढे करू शकतात, तर लिफ्ट आणि सीसीटीव्ही असलेल्या सोसायटीला एका चिमणीसाठी तेवढाही विचार करता येऊ नये?

राजस्थानातल्या खीचनचे उदाहरण तर पुण्यवाल्यांच्या बाजूचे आहे आणि ते मला मनापासून आवडते. हिवाळ्यात तिथे हजारो करकोचे, म्हणजे डेमॉइझेल क्रेन, गावाने राखलेल्या चुग्गाघरात रोज धान्य टिपायला उतरतात. पिढ्यान्पिढ्या गाव हे करत आले. २०२५ मध्ये खीचन रामसर स्थळांच्या, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीतही आले. पण खीचनचे करकोचे विजेच्या तारांवर आदळून मरतात हेही गावानेच पाहिले आणि त्यासाठी गावच भांडले. तिथली दया सकाळी धान्य पसरून संपत नाही. पक्षी सुखरूप उडून जाईपर्यंत ती टिकते. आपल्या चौकातल्या दात्याने त्याच्या पारव्यांपैकी एकालाही संक्रांतीच्या नायलॉन मांज्यातून सोडवले आहे का? दर जानेवारीत नाशिकमध्ये पंख चिरलेले पक्षी तारांना लटकलेले सापडतात. त्यांना खाली उतरवायला शिडी घेऊन येतात ती बहुतेक वेळा पक्षी पाहणारी पोरे असतात.

दाण्यांनी पक्षी परावलंबी होतात, हा आक्षेप मी अनेक जाणत्यांकडूनही ऐकतो. तो अर्धाच खरा आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये चिकडी या चिमुकल्या पक्ष्यांवर काम झाले आहे. वर्षानुवर्षे दाणे मिळत असलेल्या जागेतले दाणे काढून घेतले आणि तिथले पक्षी कधीच दाणे न मिळालेल्या जागेतल्या पक्ष्यांशी ताडून पाहिले, तेव्हा जगण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही. कडाक्याच्या थंडीत मात्र दाणे मिळणारे अधिक जगल्याचे दुसऱ्या अभ्यासात दिसले. लहान पक्षी आपल्याला वाटते तेवढे भोळे नसतात. बाटली हा त्यांच्या दिवसभराच्या फेरीतला एक थांबा असतो. नाशिकची थंडी विस्कॉन्सिनची नव्हे, हे उघड आहे. निफाडचा पारा एक आकड्यावर आला तरी इथे बर्फ पडत नाही. म्हणूनच माझे मत असे की इथे दाण्यापेक्षा पाण्याची गरज मोठी, आणि दाणे ठेवायचे तर थोडे आणि ठरावीक महिन्यांतच. पावसाळ्यात बाटली धुऊन, वाळवून कपाटात ठेवावी. ओल्या बाजरीला बुरशी धरते, त्या बुरशीचे विष पक्ष्यांना मारते, आणि त्या महिन्यांत बाहेर किड्यांची रेलचेल असते. पावसात कोण बाटलीवर येते आणि कोण येत नाही, हे एकदा पाहिलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही.

आता मी ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या माणसाकडे येतो. एकाच गॅलरीतून, एकाच फांदीचे आणि एकाच भांड्याचे फोटो बाराही महिने काढणाऱ्या माणसाच्या हाती काय लागते? नांदूर मध्यमेश्वरला २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून मान मिळाला तेव्हापासून मोठ्या लेन्सची गर्दी तिकडे असते, आणि ती असावीच. पण तिथल्या चापडगावच्या मनोऱ्यावरून हिवाळ्यातल्या एका रविवारी टिपलेला रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, आणि घरासमोरच्या तगरीवर वर्षभर टिपलेला इवला, मध पिणारा शिंजीर, यांत दुसरा मला जास्त शिकवतो. जांभळा शिंजीर नर उन्हाळ्यात उन्हात निळा-जांभळा चमकतो. विणीचा हंगाम संपला की तोच नर मादीसारखा पिवळट होतो आणि गळ्यापासून पोटापर्यंत एक गडद पट्टा तेवढा राहतो. फोटो तारीखवार लावले नाहीत तर माणूस शपथेवर सांगेल की हे दोन वेगळे पक्षी आहेत. चिमण्याचा गळा घ्या. हिवाळ्यात त्याच्या नव्या पिसांची टोके फिकट असतात, ती झिजत जातात आणि विणीच्या हंगामापर्यंत गळ्याखालचा काळा पट्टा भरून दिसू लागतो. नवे पीस येत नाही, जुनेच झिजते. हे डोळ्यांना एका दिवसात दिसत नाही. नोव्हेंबरचा आणि मार्चचा फोटो शेजारी ठेवला की दिसते.

ऋतूही असेच उलगडतात. फेब्रुवारीत तांबटाची टुक टुक वाढते. पळस, पांगारा आणि सावर फुलली की भोरड्यांचे थवे गुलाबी-काळे होऊन झाडांवर कलकलाट करतात आणि एप्रिलपर्यंत मध्य आशियाच्या वाटेला लागतात. वैशाखात भांड्यावरची गर्दी बघावी: साळुंकी आधी हक्काने अंघोळ करणार, बुलबुल कडेला बसून वाट बघणार, दयाळ सगळ्यांना हुसकावणार, आणि भर दुपारी, सावली अगदी आखूड झालेली असताना, कधी एखादा शिक्रा येऊन सगळा बाजार उठवणार. पहिल्या मोठ्या पावसानंतर पंख फुटलेल्या वाळव्या बाहेर पडतात, त्या संध्याकाळी दाण्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. कावळ्यापासून कोतवालापर्यंत सगळे हवेत. जुलैत काळ्याशार कावळ्याच्या मागे तोंड वासून फिरणारे ठिपक्यांचे कोकिळेचे पिल्लू कॅमेऱ्यात येते. मुनिया गवताची लांब पाती ओढत नेतात. ऑक्टोबरच्या आसपास शेपटी थरथरवत थिरथिरा हजर होतो आणि हिवाळाभर एकाच कुंपणावर बसतो. तो दाण्याला शिवत नाही. त्याला किडे हवेत. हे असे वर्ष पाहून झाले की माणसाला आपोआप उमजते की त्याच्या आवारात येणाऱ्या पक्ष्यांपैकी थोडेच दाण्यासाठी येतात. बाकीचे येतात पाण्यासाठी, फुलांसाठी, अळ्यांसाठी, दाट झुडपासाठी. मग तो दाणे कमी करतो आणि कुंडीत जास्वंद लावतो. पाहणे माणसाला स्वतःहून शिस्त लावते ती अशी, आणि कोणत्याही दंडाच्या पावतीला हे जमणारे नाही.

फोटो काढणाऱ्यांविषयीचा राग मात्र निराधार नाही. घरट्यासमोरची पाने छाटून ‘स्वच्छ’ फोटो काढणारे, मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला पुन्हा पुन्हा बाहेर काढणारे, घुबडापुढे जिवंत उंदीर सोडणारे लोक आहेत. पाने छाटलेले घरटे दुपारच्या उन्हात भाजते आणि कावळ्याच्या नजरेत भरते. एका फोटोपायी अख्खी वीण जाते. अशा फोटोला दाद देणे थांबवले पाहिजे, आणि घरट्यातल्या पिलांचे फोटो स्पर्धांनी स्वीकारूच नयेत असे माझे ठाम मत आहे. पण या अतिरेकावरून कॅमेऱ्यालाच दोषी ठरवायचे असेल तर कॅमेऱ्याआधी काय होते तेही आठवावे. ज्या ॲलन ह्यूमला आपण काँग्रेसच्या स्थापनेसाठी ओळखतो, त्याने भारतीय पक्ष्यांची कातडी आणि अंडी मिळून सुमारे ८० हजार नमुने जमवून १८८५ मध्ये ब्रिटिश म्युझियमला दिले. त्या काळी पक्षी ओळखायचा म्हणजे आधी पाडायचा. सालिम अलींच्या अभ्यासाची सुरुवातही त्यांनी लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या पिवळ्या कंठाच्या चिमणीपासून झाली. अमेरिकेत नाताळच्या दिवशी कोण जास्त पक्षी-प्राणी मारतो अशा शर्यती लागत. त्याला पर्याय म्हणून १९०० साली फ्रँक चॅपमन यांनी मारण्याऐवजी मोजण्याची कल्पना मांडली आणि २७ जणांनी पहिली नाताळ पक्षिगणना केली. ती आजही चालू आहे. बंदुकीकडून नोंदवहीकडे आणि नोंदवहीकडून लेन्सकडे झालेला हा प्रवास आहे. गॅलरीत बसून फोटो काढणारी गृहिणी या प्रवासाच्या अलीकडच्या टोकाला उभी आहे, आणि तिला आपण ‘रिकामटेकडी’ म्हणतो?

त्या नोंदींचे मोल भावनिक आहे असे कोणी समजू नये. नाशिकच्याच मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिवस पाळला जातो. चिमण्या संपल्या, मोबाइल टॉवरने मारल्या, असे तेव्हा सर्रास बोलले जाई. २०२० मध्ये देशभरातल्या पक्ष्यांचा पहिला मोठा अहवाल आला तेव्हा चित्र वेगळे निघाले: देशभराचा विचार करता चिमणी बऱ्यापैकी टिकून आहे, सहा महानगरांत मात्र ती घटते आहे. २०२३च्या पुढच्या अहवालात ९४२ जातींचा आढावा होता. हे अहवाल पगारी शास्त्रज्ञांनी रानोमाळ फिरून एकट्याने केलेले नाहीत. हजारो हौशी लोकांनी ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर टाकलेल्या, कोट्यवधींच्या घरातल्या नोंदींवर ते उभे आहेत. दर फेब्रुवारीत चार दिवस चालणाऱ्या परसबागेतल्या पक्षिगणनेत भारत २०१३ पासून भाग घेतो, आणि त्यात पंधरा मिनिटे गॅलरीत उभे राहून केलेली यादीही चालते. शहरात चिमणी का घटते हे शोधायचे असेल तर नोंदी शहरातूनच याव्या लागतील, नाशिकच्या गॅलऱ्यांतूनही. त्या गॅलऱ्यांवर पक्षी येऊच नयेत असा ठराव करून आपण स्वतःचेच डोळे बांधून घेतो.

द्राक्ष बागायतदारांचा आक्षेप मी टाळणार नाही, कारण हा जिल्हा द्राक्षाचा आहे. निफाड-दिंडोरीचा शेतकरी म्हणेल, तुमचा लाडका बुलबुल आणि साळुंकी माझ्या पिकलेल्या मण्यांना चोच मारतात, एक मणी फुटला की घडाला सड लागते, मला बागेवर जाळी टाकायचा खर्च येतो. त्याचे बरोबर आहे, आणि त्याच्यासमोर ‘पक्षीही जगले पाहिजेत’ म्हणणे सोपे आहे, कारण कर्ज त्याच्या डोक्यावर असते. पण शहरातल्या गॅलरीतली मूठभर बाजरी त्याच्या बागेतले थवे वाढवत नाही. उलट हेच बुलबुल आणि साळुंक्या पिलांच्या काळात अळ्या गोळा करत फिरतात. थवे कोणत्या आठवड्यात येतात, कोणत्या दिशेने येतात, कोणत्या फळझाडांवर आधी उतरतात, हे नोंदींतून कळले तर जाळी कधी टाकायची आणि कधी काढायची हे त्याला ठरवता येईल. पक्षी अडकून मरतात ते बहुधा सैल, फाटक्या, हंगाम संपल्यावरही तशाच राहिलेल्या जाळ्यांत.

काही मित्र म्हणतात, तपोवनात कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी झाडे तोडण्याच्या प्रस्तावावरून अख्खे शहर पेटले, आणि तुम्ही गॅलरीतल्या बाटलीवर काय वाद घालता? मला हे दोन विषय वेगळे वाटत नाहीत. २०२५च्या अखेरीस तपोवनात झाडांना मिठ्या मारायला आलेल्या लोकांत अशी कितीतरी माणसे होती ज्यांना त्या झाडांवर कोण राहते हे नावानिशी सांगता येत होते. झाड तोडल्याबद्दल दुसरीकडे दहा लावू, असे प्रशासन म्हणते तेव्हा ‘तांबटाला ढोलीसाठी जुनी, वाळकी फांदी लागते, रोपाला ती कुठून येणार’ असे उत्तर द्यायला पाहिलेले असावे लागते. पाच वडांवरून जिचे नाव पडले त्या पंचवटीच्या शहरात झाडांसाठी बोलणारी माणसे कुठे तयार होतात? पुष्कळशी एखाद्या पाण्याच्या भांड्यासमोर.

मग सोसायटीने ठराव करायचाच असेल तर असा करावा. सामाईक जागेत, गच्चीवर, सज्ज्यांवर आणि फाटकाबाहेर धान्य पसरण्यास बंदी. डक्ट आणि एसीमागच्या जागांना पारव्यांची वीण नसताना जाळी, ताणून बसवलेली. पोळी, पाव, फरसाण, शिजलेला भात कोणत्याही पक्ष्यासाठी ठेवायचा नाही. स्वतःच्या गॅलरीत बाजरी किंवा राळ्याची लहान बाटली चालेल, पण ज्यावर पारव्याला बसता येणार नाही अशीच, खाली सांडलेले रोज उचलले जाईल या अटीवर, आणि जून ते सप्टेंबर बंद. बाटली आठवड्याला गरम पाण्याने धुवायची. फुगून बसलेला, डोळे मिटलेला आजारी पक्षी दिसला की सगळ्या बाटल्या काही आठवडे काढायच्या. पाण्याचे भांडे उथळ हवे आणि रोज नुसते ओतून न देता घासले पाहिजे, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात. खालच्या मजल्यावरच्याने तक्रार केली तर बाटली हलवायची, वाद घालायचा नाही. ज्याच्या घरात फुफ्फुसाचा रुग्ण आहे त्याचा शब्द शेवटचा.

आणि दंडातून जमलेले पैसे आवारातल्या लॉनवर घालवू नयेत. बिल्डरने लावलेल्या पामच्या रांगेत एकही पक्षी घरटे करताना मी पाहिलेला नाही. कुंपणाच्या एका बाजूला मेंदी, अडुळसा, करवंद, तगर लावावी, कोपऱ्यात एखादा उंबर वाढू द्यावा, त्यावर कीटकनाशक फवारू नये. माळीकाकांना सांगून ठेवावे की मेंदीची छाटणी मार्च ते सप्टेंबर करायची नाही. त्या काळात तिच्यात बुलबुलाची घरटी असतात, आणि ती नेमकी कुठे आहेत हे त्यांना दुसऱ्या मजल्यावरच्या कॅमेरावाल्या काकू सांगतील.